दैव पाचवे

सप्टेंबर १९७७ मध्ये अमेरिकेतल्या पीच बागायतदारांच्या राष्ट्रीय संघटनेचे कार्यकारी सचिव रॉबर्ट फिलिप्स यांनी कामगारांच्या सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सरकारी खात्याला एक पत्र लिहिले. डीबीसीपी नावाचे कीडनाशक हाताळणारे पुरुष निर्बीज होत असल्याची बातमी त्याच उन्हाळ्यात फुटली होती आणि सरकार त्यावर कडक निर्बंध आणण्याच्या बेतात होते. बागायतदारांना तर हे औषध हवे होते. फिलिप्स यांनी सुचवलेला तोडगा असा: ज्यांचे वय झाले आहे किंवा ज्यांना आणखी मुले नको आहेत, अशांना या कामाला लावावे. काही जण नसबंदीच्या शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून हे काम आपण होऊन मागतील. ज्यांच्या धर्माला संततिनियमन मंजूर नाही, त्यांना धर्माच्या मनाईतून पळवाटही मिळेल.

पत्र थट्टेचे नव्हते. लिहिणाऱ्याला आपण व्यवहारी बोलतो आहोत असेच वाटत असणार. म्हणून तर ते आजही कामगारांच्या आरोग्याच्या इतिहासात वारंवार समोर येते. बाप होण्याची शक्ती ही हातमोज्यासारखी कामावर झिजवायची वस्तू आहे का, ती पगाराच्या बदल्यात देता येते का, आणि दिली तर देवाधर्माचा हिशेब काय राहतो, असे तीन प्रश्न त्या गृहस्थांनी चार ओळींत मांडून टाकले. उत्तरे मात्र त्यांना वाटली तितकी सोपी नव्हती.

आधी धर्माची पळवाट पाहू, कारण ती लगेच बुजते. पोप सहावे पॉल यांनी १९६८ साली ‘ह्युमाने विते’ हे परिपत्रक काढून कृत्रिम संततिनियमनाला मनाई केली. त्याच परिपत्रकात एक सवलतही आहे. आजार बरा करण्यासाठी घेतलेल्या उपचाराने मूल होण्याची शक्ती जाणार असेल, तर आधी ठाऊक असूनही तो उपचार घ्यायला हरकत नाही. अट एकच, शक्ती घालवणे हा उपचाराचा हेतू नसावा. या विचाराची मुळे तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसपर्यंत जातात. एका कृतीला दोन फळे येतात, एक चांगले, एक वाईट. माणसाने चांगल्याचा हेतू धरला आणि वाईट केवळ सोसले, तर दोष लागत नाही. आता फिलिप्स यांचा कामगार बघा. तो मुले होऊ नयेत म्हणूनच डीबीसीपीच्या पिंपापाशी उभा राहणार! हेतूच तो, म्हणजे मनाई लागू. धर्मपंडिताला हे सांगायला अर्धा मिनिटही लागले नसते.

गंमत अशी की हाच विचार कारखानदाराच्या मात्र सोयीचा दिसतो. आम्हाला कुणाला निर्बीज करायचे नव्हते, पीच असो की केळी, मुळे वाचवायची होती. बाकीचे झाले ते झाले. पण अक्वायनसच्या वाटेने जाणाऱ्यांनी याही दाराला कडी लावून ठेवली आहे. होणाऱ्या वाइटाच्या तोलाचे भले पदरात पडले पाहिजे, आणि वाईट टाळण्याचा दुसरा मार्ग उपलब्ध नसला पाहिजे. केळीचा घड थोडा जड भरणे आणि माणसाचा वंश खुंटणे या दोन गोष्टी एका तराजूत घालणारा पंडित अजून जन्माला यायचा आहे. शिवाय ‘ठाऊक असून सोसले’ असे म्हणायला आधी ठाऊक असलेले कबूल करावे लागते. तिथेच तर सगळे अडले होते.

डीबीसीपी म्हणजे डायब्रोमोक्लोरोप्रोपेन. जमिनीतल्या सूत्रकृमींना मारणारे हे उग्र वासाचे द्रव १९५०च्या दशकात बाजारात आले. डाऊ कंपनी ते ‘फ्युमाझोन’ नावाने विके, शेल ‘नेमागॉन’ नावाने. सूत्रकृमी डोळ्यांना दिसत नाहीत, पण मुळांना गाठी आणतात आणि झाड आतून पोखरतात. औषध जमिनीत टोचले की त्याची वाफ मातीच्या फटींतून पसरे. पीक जोमदार येई, शेतकरी खूश. दोन्ही कंपन्यांनी त्याची जनावरांवर चाचणी केली होती आणि १९६१ साली तिचे निष्कर्ष एका वैज्ञानिक नियतकालिकात छापूनही आले. ते वाफारे हुंगलेल्या प्राण्यांचे वृषण आक्रसले होते. म्हणजे ही गोष्ट कुलूपबंद तिजोरीत नव्हती. ग्रंथालयात जाऊन कुणालाही वाचता आली असती. ज्याच्या हाताला पिंप लागत होते त्याला मात्र ती पिंपावरच्या लेबलावर वाचायला मिळत नव्हती.

कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रप गावी ऑक्सिडेंटल कंपनीच्या कारखान्यात हे रसायन हाताळले जाई. तिथल्या शेतीरसायन विभागातली माणसे जेवणाच्या सुट्टीत बोलता बोलता एका गोष्टीपाशी येऊ लागली: अलीकडे आपल्यापैकी कुणाच्या घरी पाळणा हलला नाही. ही गोष्ट एकट्याला कधीच कळली नसती. डीबीसीपी वृषणातल्या शुक्राणू घडवणाऱ्या पेशी मारते; पुरुषी संप्रेरक तयार करणाऱ्या पेशी मात्र बहुतांशी शाबूत राहतात. दाढी तीच, आवाज तोच, इच्छा तीच. दुखत नाही, खुपत नाही. काही जणांच्या वृषणाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा नलिकांमध्ये केवळ पोषण करणाऱ्या पेशींचे अस्तर उरलेले दिसले. ज्यांचे पोषण करायचे त्यांचा पत्ता नव्हता. अशा माणसाला आपले काही बिघडले आहे हे कळणार कसे? घरात मूल नाही म्हणून कळणार. आणि घरात मूल नाही म्हटले की सगळ्या जगात पहिल्यांदा बाईकडे बोट दाखवले जाते.

कामगारांवर माहितीपट काढणाऱ्या काही तरुणांच्या मदतीने युनियनमधल्या मोजक्या जणांनी वीर्याची तपासणी करून घेतली. आकडे इतके खालचे आले की बर्कलीचे डॉ. डोनाल्ड व्होर्टन यांनी पूर्ण विभागाची तपासणी हाती घेतली. जितकी वर्षे काम जास्त, तितके शुक्राणू कमी, आणि जुन्या कामगारांपैकी कित्येकांच्या वीर्यात एकही नाही, असे चित्र निघाले. १९७७ सालीच ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ज्यांना थोडाच काळ झळ लागली होती त्यांचे शुक्राणू पुढे परतले. ज्यांचे पार संपले होते त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे परतले नाहीत. १९७८ मध्ये कारखान्याच्या हवेत या रसायनाची मर्यादा अब्जात एक भाग इतकी खाली आणली गेली. १९७९ मध्ये हवाई बेटांवरची अननसाची शेती वगळता अमेरिकेत त्याचा वापर थांबला. भारतातही ते बंदी असलेल्या कीडनाशकांच्या यादीत आहे.

पीचवाल्यांच्या पत्रातला ‘आपण होऊन’ हा शब्दप्रयोग त्यानंतर लगेच कसोटीला लागला, आणि यावेळी कसोटी बायकांची होती. वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंड येथे अमेरिकन सायनामिड कंपनीचा रसायनांचा कारखाना होता. तिथल्या रंगद्रव्यांच्या विभागात शिसे वापरले जाई. शिशाने गर्भाला अपाय होतो म्हणून १९७८ साली कंपनीने ठरवले की मूल होऊ शकणाऱ्या बाईला त्या विभागात ठेवायचे नाही. नसबंदी करून घेतल्याचा दाखला आणला तर काम राहील, नाहीतर कमी पगाराच्या जागी जावे लागेल किंवा घरी. पाच जणींनी शस्त्रक्रिया करून घेतल्या. कंपनीने कुणाला टेबलावर बांधले नव्हते, कागदावर सह्या त्यांच्याच होत्या. पुढे खटला झाला आणि १९८४ साली न्यायमूर्ती रॉबर्ट बोर्क यांनी निकाल दिला की कायद्याला अभिप्रेत असलेला कामाच्या जागचा ‘धोका’ म्हणजे हे धोरण नव्हे. कायद्याच्या शब्दांत तो निकाल कदाचित बसत असेल. पण ‘संमती’ या गोष्टीवर लिहिणाऱ्या कुणालाही विलो आयलंड चुकवून पुढे जाता येणार नाही.

शिशाला बाई आणि पुरुष हा भेद कळत नाही. ते पुरुषाचे शुक्राणूही बिघडवते. पण संरक्षण फक्त बाईचे, आणि तेही तिला कामावरून हटवून! जॉन्सन कंट्रोल्स या बॅटरी बनवणाऱ्या कंपनीने १९८२ मध्ये असेच धोरण आणले, तेव्हा कोर्टात गेलेल्या मंडळींत एक बाई नोकरी टिकवण्यासाठी नसबंदी करून आलेली होती. त्याच फिर्यादीत एक पुरुषही होता. त्याला बाप व्हायचे होते आणि रक्तातले शिसे उतरावे म्हणून त्याने रजा मागितली होती. रजा नाकारली गेली. १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदा ठरवले. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांच्या निकालपत्राचा रोख असा होता की पुढे होणाऱ्या मुलांची काळजी कशी घ्यायची हे त्यांच्या आईबापांनी ठरवावे, मालकाने नव्हे. ठीकच. तरी त्या रजा मागणाऱ्याचा मुद्दा उरतोच. ठरवायचा अधिकार हाती आला, पण हवेतले शिसे होते तिथेच राहिले, तर त्याने नेमके काय ठरवायचे?

दरम्यान डीबीसीपी जहाजात बसून दक्षिणेकडे निघाले होते. लॅथ्रपची बातमी फुटल्यावर डाऊने माल परत मागवायला सुरुवात केली. स्टँडर्ड फ्रूट या केळी कंपनीने मात्र ठणकावले की ठरलेला माल दिला नाही तर कराराचा भंग समजू. मग डाऊने, काही खटले उद्भवले तर नुकसान तुम्ही सोसायचे असे लिहून घेऊन, पुरवठा चालू ठेवला. काही लाख गॅलन कोस्टा रिकाला गेले. केळीच्या मळ्यांत ते हाताने जमिनीत टोचले जाई. काही ठिकाणी पाण्याबरोबर फवारले जाई. निर्बीज झालेल्यांची संख्या एकट्या कोस्टा रिकात हजारांच्या घरात गेली. निकाराग्वा, होंडुरास, फिलिपाइन्स येथूनही तक्रारी येत राहिल्या.

कोस्टा रिकातल्या ८२ कामगारांनी आणि त्यांच्या बायकांनी टेक्सासच्या कोर्टात फिर्याद लावली. कंपन्यांचा बचाव असा, की हा खटला इथे चालवणे गैरसोयीचे आहे, कोस्टा रिकात चालवा. १९९० मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. सहमतीचे वेगळे निकालपत्र लिहिताना न्यायमूर्ती लॉइड डॉगेट यांनी दाखवून दिले की शेलचे मुख्यालय त्या कोर्टापासून तीन गल्ल्यांवर आहे. गैरसोय कुणाची, हा प्रश्न तिथेच संपायला हवा होता. १९९३ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने कायदाच बदलला. अखेर १९९७ मध्ये कंपन्यांनी अनेक देशांतल्या सुमारे २६ हजार कामगारांशी ४ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली. भागाकार केला तर माणशी सोळाशे डॉलरही पडत नाहीत, आणि त्यातून वकिलांचा वाटा जायचा.

निकाराग्वाचे केळी कामगार चिनान्देगाहून राजधानी मानाग्वापर्यंत चालत गेले, संसदेसमोर प्लॅस्टिकचे कागद टाकून राहिले. २००० साली त्यांच्यासाठी खास कायदा झाला. त्यानंतर मात्र गोष्टीला लाजिरवाणे वळण लागले. लॉस एंजेलिसमध्ये २००७ साली ज्युरीने काही कामगारांच्या बाजूने दिलेला निकाल पुढे कोर्टाने फसवणुकीच्या कारणावरून रद्द केला. फिर्यादींपैकी काहींनी मळ्यात कधी कामच केले नव्हते, असा निष्कर्ष निघाला. पैशासाठी माणसे खोटे बोलतात यात नवल नाही. पण मर्दपणाचा एवढा तोरा मिरवणाऱ्या समाजात ‘मला मूल होत नाही’ असे खोटे सांगायला माणसे उभी राहिली, यावरून तिथल्या दारिद्र्याची खोली कळते. लॅथ्रपच्या तपासणीतले आकडे त्या खोट्याने बदलत नाहीत.

आता थोडे तत्त्वज्ञानाकडे. निर्बीज झालेल्या कामगाराचे नुकसान झाले हे उघड आहे. पण जे मूल झालेच नाही, त्याचे काही नुकसान झाले का? बहुतेक तत्त्वज्ञ म्हणतील, नाही. जो अस्तित्वातच नाही त्याचे बरेवाईट कसे होणार? ऑक्सफर्डच्या डेरेक पार्फिट यांनी १९८४ साली ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात हा गुंता आणखी ओढून ताणला. समजा, एखाद्या कृतीमुळे पुढे जन्मणारी माणसेच वेगळी निघाली. मग वाईट अवस्थेत जन्मलेल्याला ‘माझे वाईट केले’ असे म्हणता येईल का? ती कृती नसती तर तो जन्मलाच नसता!

खोलीत बसून हा कोडेवजा विचार बिनतोड वाटतो. औषधांचा इतिहास शेजारी ठेवला की त्याची धार बोथट होते. डीईएस हे कृत्रिम संप्रेरक १९४०च्या दशकापासून अमेरिकेत लाखो गर्भवतींना गर्भ टिकावा म्हणून दिले गेले. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी तरुण मुलींतल्या योनीच्या एका दुर्मीळ कर्करोगाचा माग काढला, तो त्यांच्या आयांनी गरोदरपणी घेतलेल्या या गोळ्यांपाशी पोचला. अशा अनेक मुलींच्या गर्भाशयाची ठेवणच बिघडलेली निघाली. आईला मूल व्हावे म्हणून दिलेल्या गोळीने लेकीची कूस अडवली. इथे एखादा पार्फिटभक्त म्हणेल, गोळी नसती तर तुम्ही जन्मला नसता, मग तक्रार कसली? उत्तर १९५३ सालीच मिळालेले होते. शिकागोतल्या मोठ्या चाचणीत ही गोळी गर्भ टिकवत नाही असे दिसून आले होते, आणि तरीही ती आणखी अठरा वर्षे दिली जात राहिली. त्या मुली गोळीमुळे जन्मल्या नव्हत्या, गोळी असूनही जन्मल्या होत्या.

न झालेल्या मुलाचा विचार करायला आपल्या पुराणकथांना अशी अडचण पडत नाही, कारण त्या मुलाकडून मागे पाहतात, पूर्वजांच्या बाजूने. महाभारताच्या आदिपर्वात जरत्कारू नावाचा ब्रह्मचारी हिंडत असताना एका खड्ड्यात डोकी खाली करून लोंबकळणारे लोक पाहतो. वाळ्याच्या गवताच्या एका जुडग्याला ते धरून आहेत, आणि त्याचे उरलेसुरले मूळ एक उंदीर कुरतडतो आहे. ते त्याचेच पूर्वज. वंशात उरलेला एकमेव धागा तो, आणि तो लग्न करत नाही. तैत्तिरीय संहितेत सांगितलेल्या तीन ऋणांपैकी पितरांचे ऋण संततीने फिटते. जरत्कारूची कथा त्या ऋणाचे चित्र काढून दाखवते. आजचा वाचक या सगळ्यावर रागावू शकतो, आणि रागावण्यासारखे त्यात पुष्कळ आहे. निपुत्रिकाला ऋणको ठरवणारी ही शिकवण कितीतरी बायकांच्या आयुष्याचे वाटोळे करून बसली. तरी तिने एक गोष्ट नेमकी धरली होती: मूल ही दोघांचीच खासगी बाब नसते, तिच्यात मेलेल्यांचाही वाटा असतो. लॅथ्रपच्या तीस वर्षांच्या कामगाराचे जे गेले ते त्याच्या एकट्याचे गेले नव्हते.

आणि शास्त्रांनी वांझपणाची कारणे शोधताना पूर्वजन्म, शाप, ग्रह सगळे धुंडाळले, तरी महाभारतात एक प्रसंग असा आहे जिथे कारण समोर उभे आहे आणि त्याला नाव आहे. युद्ध संपल्यावर अश्वत्थामा अस्त्र सोडतो. अर्जुनही सोडतो. ऋषी मध्ये पडतात तेव्हा अर्जुन आपले अस्त्र आवरून घेतो. अश्वत्थाम्याला ते आवरता येत नाही, आणि तो ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. उत्तरेच्या पोटातला परीक्षित मृत जन्मतो, कृष्ण त्याला उठवतो. इथे शिक्षेचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. झोपेतल्या माणसांची कत्तल करणाऱ्या अश्वत्थाम्याकडून पांडवांना मिळतो तो कपाळावरचा मणी. तीन हजार वर्षे एकाकी, पू-रक्ताच्या दुर्गंधीत भटकण्याचा शाप कृष्ण देतो तो गर्भावर हात टाकल्याबद्दल. व्यासांच्या तराजूत दुसरा अपराध जड भरला. आवरता येत नाही असे शस्त्र हाती घेणे हाही त्यातच आला. डाऊने निदान माल परत मागवू पाहिला होता. मग करारावर नजर गेली.

कर्मसिद्धान्ताचा मात्र आपल्याकडे नेहमी उलटा वापर होतो. ज्याला सोसावे लागते त्याच्याच खात्यावर कारण लिहिले जाते. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात हे जवळून पाहायला मिळाले. तिथल्या टेकड्यांवर सरकारी मळेमंडळाच्या काजूच्या बागा आहेत. १९७०च्या दशकाच्या अखेरपासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून त्यांच्यावर एंडोसल्फान हे कीडनाशक फवारले गेले. बागा वर, वस्ती पायथ्याशी, विहिरी आणि ओढे उघडे. वासरे वेडीवाकडी जन्मू लागली, मग माणसांची मुले. पहिली समजूत काय झाली? देवाचा कोप. अंबिकासुतन मंगाड यांच्या ‘एन्मकजे’ या मल्याळम कादंबरीत ही समजूत आली आहे. डोंगरावरचे दैवत रागावले म्हणून घरात असे मूल जन्मले, असे मानणारी आई मुलाला लपवून ठेवते, लेकीचे लग्न मोडेल म्हणून बोलत नाही. शेजारीणही बोलत नाही. लॅथ्रपला जेवणाच्या सुट्टीत जे झाले ते इथे होऊ शकले नाही, कारण पापाची गोष्ट कुणी डबा उघडून चारचौघांत काढत नाही.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने पायथ्याच्या गावातली ११७ शाळकरी मुले आणि फवारणी न झालेल्या भागातली ९० मुले तपासली. वयोगट १० ते १९. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पायथ्याच्या मुलांच्या रक्तात एंडोसल्फान अधिक होते, वयात येण्याच्या खुणा उशिरा दिसत होत्या, पुरुषी संप्रेरकाचे प्रमाणही कमी होते. या अभ्यासावर आणि एकूणच कासरगोडच्या आजारांचे खापर एंडोसल्फानवर फोडण्यावर काही शेतीशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले, वाद वर्षानुवर्षे चालला. विज्ञानात तो चालायचाच. पण वाद कशाचा झाला, तर कुठल्या रसायनाने किती अपाय केला याचा. आईच्या पूर्वजन्माचा नाही. तेवढा बदलही काही थोडा नव्हता.

यासाठी धर्म सोडावा लागतो असेही नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या क्रिया, आणि पाचवे दैव. ज्ञानेश्वरांनी या पाचांवर सविस्तर भाष्य केले आहे. टीकाकारांनी अधिष्ठानाचा अर्थ देह असा केला आहे, तो आत्म्याच्या अकर्तेपणाच्या संदर्भात. पण यादी म्हणून ती कासरगोडला लावून पाहायला हरकत नसावी. अधिष्ठान ती टेकडी आणि तिच्या पायथ्याचे देह. कर्ता मळेमंडळ. साधन हेलिकॉप्टर आणि त्यातले औषध. क्रिया म्हणजे दरवर्षीची फवारणी, वीस वर्षांहून अधिक. दैवाच्या वाट्याला काय उरते? वाऱ्याची दिशा, फार तर कुठली बाई कुठल्या महिन्यात गरोदर होती ते. दैव खोटे म्हणायचे कारण नाही. गीता त्याला पाचव्या जागी बसवते, आणि आपण चार खुर्च्या रिकाम्या ठेवून त्याच्याच पाया पडत राहतो.

यात भक्ताला दुखावण्यासारखे काही नाही. नवस बोलणाऱ्या बाईचा नवस तिचा. पण आपल्या गावांत द्राक्षबागेत औषध मारणाऱ्याला, बॅटरीच्या दुकानात शिसे वितळवणाऱ्याला मूल होत नसेल, तर त्याची बायको तीन देवळे आणि दोन दवाखाने हिंडून येईपर्यंत ‘तू काम काय करतोस’ एवढा प्रश्न कुणी विचारत नाही. वीर्याची तपासणी ही त्या सगळ्या यातायातीतली सर्वांत स्वस्त आणि न दुखणारी गोष्ट. तरी ती शेवटी होते, किंवा होतच नाही. कर्ता शोधायची सवय नसली की असे होते.

ती सवय असली तरी पुढचे काम सोपे नसते. एप्रिल २०११ मध्ये स्टॉकहोम कराराच्या देशांनी एंडोसल्फान जगभरातून हटवायचे ठरवले. १३ मे २०११ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने देशात त्यावर बंदी घातली. जानेवारी २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने केरळ सरकारला आदेश दिला: बाधितांना प्रत्येकी ५ लाख रुपये, तीन महिन्यांच्या आत. मे २०२२ मध्ये प्रकरण अवमान याचिकेवर पुन्हा न्यायालयासमोर आले. बाधितांची यादी ३,७०४ जणांची होती, आणि तोवर पैसे पोचले होते ते आठ जणांना. जे स्वतः कोर्टाची पायरी चढले होते त्यांनाच.